नऊ गुण कशाचे? : संगणकीय भाषाशिक्षणाचे मूल्यमापन

(द्वितीय वर्ष, कला)

दिवाळीच्या सुट्टीत गावी गेलो, तेव्हा तिसरीतली धाकटी बहीण धावतच आली. "दादा, शाळेतल्या संगणकावर भाषेच्या खेळात मला दहापैकी नऊ मिळाले!" आई-वडिलांना लिहिता-वाचता येत नाही, त्यांना धन्य वाटले. मी सहज वर्तमानपत्र तिच्यापुढे धरले. पहिल्याच ओळीत ती अडखळली. मग ते नऊ गुण कशाचे? या प्रश्नाचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कार्यक्रमाआधी चाचणी घ्यावी, नंतर पुन्हा घ्यावी, आणि गुण वाढले की तो यशस्वी म्हणावा, ही आपली नेहमीची रीत. परंतु मधल्या काळात मूल वाढतच असते, वर्गात गुरुजी शिकवीतच असतात. खत घातले त्याच वर्षी पाऊसही चांगला झाला, तर बिनखताचे शेजारचे वावर पाहिल्याखेरीज खताचा गुण कळत नाही. म्हणून मुलांचे चिठ्ठ्या टाकून गट पाडावेत व त्यांची तुलना करावी, असे शास्त्र सांगते.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे अमेरिकेतील 'फास्ट फॉरवर्ड' हा कार्यक्रम. पॉला टल्लाल, मायकेल मर्झेनिक आदी शास्त्रज्ञांच्या संशोधनातून १९९० च्या दशकात तो तयार झाला. 'बा' आणि 'दा' यांतील क्षणार्धात बदलणारा ध्वनी काही मुलांना नीट टिपता येत नाही व त्यामुळे त्यांची भाषा मागे पडते, अशी त्यामागची कल्पना. संगणकाच्या खेळांत हे ध्वनी आधी लांबवून, ठळक करून ऐकवायचे आणि हळूहळू नेहमीच्या वेगावर आणायचे.

सिसिलिया राऊझ व ॲलन क्रूगर या अर्थशास्त्रज्ञांनी चार शाळांत वरील पद्धतीने त्याची परीक्षा घेतली. निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. भाषेच्या काही अंगांत थोडी सुधारणा शक्य दिसली. पण प्रत्यक्ष वाचनात ती उतरली नाही. बहिणीच्या खेळाचेही तसेच होते. मागाहून कळले, की त्यात शब्द ऐकून चित्रावर बोट ठेवायचे होते; वाचायचे नव्हतेच!

२००८ मध्ये रोनाल्ड गिलम व सहकाऱ्यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात भाषिक अडचण असलेल्या, सहा ते नऊ वर्षांच्या २१६ मुलांचे चार गट होते. एका गटाला फास्ट फॉरवर्ड, दुसऱ्याला भाषेचे अन्य संगणकीय पाठ, तिसऱ्याला तज्ज्ञाकडून व्यक्तिगत शिकवणी, तर चौथ्याला भाषेवर भर नसलेले शैक्षणिक खेळ दिले. सहा आठवडे, रोज शंभर मिनिटे. चारही गट सुधारले, आणि जवळजवळ सारखेच! केवळ पहिलाच गट पाहिला असता, तर सारे श्रेय त्या कार्यक्रमाला गेले असते.

संगणकाला माझा विरोध नाही. परंतु ज्या घरी आई-वडील पुस्तक उघडून मुलाला वाचावयास सांगू शकतात, तेथे पोकळ गुण फार दिवस टिकत नाहीत. आमच्यासारख्या घरी पडद्यावरचा आकडा हाच शेवटचा शब्द ठरतो. म्हणून असा कार्यक्रम शाळेत येईल, तेव्हा दोन प्रश्न विचारलेच पाहिजेत : तुलना कोणाशी केली? आणि मूल न पाहिलेला उतारा वाचते का?

उरलेल्या सुट्टीत बहीण रोज एक पान मोठ्याने वाचीत असे. आई चुलीपाशी बसून ऐकत असे. कोठे अडले, हे तिलाही कळत होते.