मदतीचा पैसा आणि चावडीवरील यादी



आमच्या समितीचा जमाखर्च या अहवालांत स्वतंत्रपणें छापला आहे. प्रस्तुत लेखांत आम्हांस दुसऱ्या एका हिशेबाविषयीं लिहावयाचें आहे. आमच्यासारख्या समित्या वर्गणी जमवून जी मदत करतात ती दर्यांत खसखस होय. मोठा पैसा निघतो तो सरकारी खजिन्यांतून, आणि तो लोकांनींच करांच्या रूपानें भरलेला असतो. असें असून तो पैसा कोणत्या वाटेनें आला, कोणाच्या नांवें पडला आणि कोणाच्या नांवें पडावयाचा राहिला, हें आपल्यापैकीं फारच थोड्यांस सांगतां येईल. तें सांगतां यावें एवढ्याच हेतूनें हा पाठ लिहिला आहे.

विंचूर घाटमाथ्याच्या अलीकडे, समुद्रापासून दूर. तथापि समुद्रांतील वादळें आतां आपल्या शेतांपर्यंत पोहोंचूं लागलीं आहेत. सन २०१९ च्या ऑक्टोबरअखेरीस 'क्यार' आणि त्यामागोमाग 'महा' अशीं दोन चक्रीवादळें अरबी समुद्रांत उठलीं. दोहोंपैकीं एकहि महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर आदळलें नाहीं. पण त्यांच्यामुळें लांबलेल्या पावसानें निफाड तालुक्याची काय दशा केली, तें येथील वाचकांस सांगण्याची जरूर नाहीं. छाटणी झालेल्या द्राक्षबागांवर डावणी आली, फुलोऱ्यांतले घड कुजले, सोंगून पडलेल्या मक्यास कोंब फुटले, कांद्याचीं रोपें वाफ्यांतच गेलीं. त्या वेळीं राज्यांत राष्ट्रपति राजवट होती. राज्यपालांनीं १६ नोव्हेंबर २०१९ रोजीं मदत जाहीर केली: खरीप पिकांस हेक्टरीं ८,००० रुपये, फळबागांस हेक्टरीं १८,००० रुपये, आणि दोहोंसहि मर्यादा दोन हेक्टरांची. म्हणजे द्राक्षबागेस एकरीं सुमारें ७,३०० रुपये. आणि बाग कितीहि मोठी असली तरी ३६,००० रुपयांवर कांहीं नाहीं. पुढें ३ जून २०२० रोजीं 'निसर्ग' वादळ रायगड जिल्ह्यांत किनाऱ्यास लागलें व त्याचें शेपूट नाशिक जिल्ह्यावरून गेलें. २६ नोव्हेंबर २०२३ ची गारपीट तर द्राक्षवाल्यांच्या डोळ्यांपुढें अजून आहे.

या रकमा पुरेशा होत्या कीं नव्हत्या, हा वाद आम्ही येथें करीत नाहीं. (त्या पुरेशा नव्हत्या, असें आमचें स्पष्ट मत आहे.) येथें विचार करावयाचा तो जाहीर झालेल्या आंकड्याचा आणि हातीं आलेल्या पैशाचा मेळ कोणीं व कसा घालावयाचा याचा.

हा विचार आपल्या पूर्वजांनीं केलेला आहे. सन १८७६ पासून १८७८ पर्यंत दख्खनेंत जो भयंकर दुष्काळ पडला, त्या वेळीं पुण्याच्या सार्वजनिक सभेनें एक निराळेंच काम हातीं घेतलें. गणेश वासुदेव जोशी, ज्यांस लोक सार्वजनिक काका म्हणत, त्यांच्या पुढाकारानें १८७० सालीं ही सभा निघाली होती. तिनें ठिकठिकाणच्या माहितगारांकडून पिकांची, धान्याच्या भावांची व दुष्काळी कामांवरील मजुरीची माहिती मागवून ती वृत्तांतरूपानें मुंबई सरकारकडे वरचेवर पाठविली. १८७७ च्या आरंभीं सर रिचर्ड टेंपल यांच्या धोरणानें मजुराचा रोजचा शिधा एक पौंड धान्य व वर किरकोळ पैसे इतका खालीं आणला गेला, तेव्हां पुष्कळ ठिकाणच्या मजुरांनीं कामें सोडलीं. आणि सभेनें त्यांची बाजू सरकारपुढें मांडली. ती अश्रूंनीं भिजविलेली नव्हती. तींत आंकडे होते.

त्याच दुष्काळामागची दुसरी एक गोष्ट मात्र उलट प्रकारची आहे. पुढील दुष्काळांची तरतूद म्हणून १८७८ सालीं लॉर्ड लिटन यांच्या सरकारनें नवे कर बसविले व दरसाल दीड कोट रुपये दुष्काळासाठीं राखून ठेवण्याचें अभिवचन दिलें. लौकरच अफगाणिस्तानांत युद्ध सुरू झालें, खजिन्यास ओढ लागली, आणि १८७९ सालीं ही तरतूद थांबविण्यांत आली. कर मात्र चालू राहिला. पैसा गेला कोठें असें हिंदी पुढारी पुढें अनेक वर्षें विचारीत राहिले. परंतु तो पैसा निराळ्या पेटींत कधीं ठेवलाच नव्हता. तो सर्वसाधारण जमाखर्चांतील एक अंदाज होता, आणि अंदाज मोडला असें ठरविण्यास कोणास विचारावें लागत नाहीं. निधीस नांव दिलें म्हणजे निधि झाला असें नव्हे, एवढें त्यावरून ध्यानांत धरावें.

१८९६ च्या दुष्काळांत लोकमान्य टिळकांनीं याच्याहि पुढचें पाऊल टाकलें. ते त्या काळीं पुण्यास विंचूरकरांच्या वाड्यांत राहत असत, हा आमच्या गांवाच्या नांवाचा एवढाच काय तो संबंध; तो आम्हांस सांगितल्यावांचून राहवत नाहीं. सरकारनें दुष्काळाचा कायदा करून ठेवला होता. सारासूट केव्हां मिळावी, काम कोणास द्यावें, हें सर्व त्यांत लिहिलेलें होतें. पण तें होतें इंग्रजींत आणि कचेरीच्या कपाटांत. 'केसरी'नें त्यांतील तरतुदी मराठींत रयतेपुढें ठेवल्या व सभेच्या माणसांनीं त्या गांवोगांव समजावून दिल्या. सरकारचेंच पुस्तक सरकारच्या रयतेस वाचून दाखविणें हें सरकारास इतकें झोंबलें कीं, १८९७ सालीं त्यानें सभेची मान्यता काढून घेतली.

स्वातंत्र्यानंतरच्या काळाविषयीं थोडक्यांत सांगतों. १९७२ च्या दुष्काळांत लाखों हात खडी फोडीत होते, आणि त्या अनुभवावर वि. स. पागे यांच्या कल्पनेंतील रोजगार हमी योजना उभी राहून तिचा कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलांत आला. त्या कामांवरचें हजेरीपत्रक हाच हिशेबाचा पाया होता, आणि खोटीं नांवेंहि त्याच पत्रकांत शिरत. केंद्र सरकारनें २००५ सालीं रोजगार हमीचा कायदा केला, तेव्हां कामांचें सामाजिक लेखापरीक्षण ग्रामसभेनें करावें असें कलम त्यांत घालण्यांत आलें. तें हजेरीपत्रकाच्या या जुन्या दुखण्यावरचें औषध होतें.

आतां आजची वाट पाहूं. नैसर्गिक आपत्तीसाठीं प्रत्येक राज्यांत आपत्ति प्रतिसाद निधि असतो. महाराष्ट्रासारख्या राज्यांत त्यांतील ७५ टक्के केंद्र व २५ टक्के राज्य घालतें. नुकसान झालें म्हणजे पंचनामे होतात, त्यांची बेरीज तहसीलदार, जिल्हाधिकारी व विभागीय आयुक्त यांच्यामार्फत मंत्रालयांत जाते, आणि मदत व पुनर्वसन खात्याचा शासन निर्णय निघतो. हा निर्णय कोणासहि संगणकावर वाचतां येतो, व त्यांत विभागास अथवा जिल्ह्यास किती रक्कम दिली तेंहि असतें. येथपर्यंत उजेड आहे. जिल्ह्याच्या आंकड्याखालीं तालुका, तालुक्याखालीं गांव, गांवाखालीं गट नंबर, असें जसजसें खालीं उतरावें, तसतसा तो मंद होत जातो. आणि नेमका चुकीचा व लबाडीचा वास असतो तो तेथेंच.

पंचनाम्याकडेच पाहा. तलाठी, ग्रामसेवक व कृषि सहायक हे तिघे (त्यांचीं पदनामें अलीकडे बदललीं आहेत, आम्ही गांवच्या बोलींतलींच वापरतों) बांधावर येतात, पीक पाहतात आणि नुकसानीचे शेंकडा प्रमाण लिहितात. केंद्राच्या नियमाप्रमाणें तें ३३ टक्के किंवा अधिक असेल तरच मदत मिळते. २०१५ पूर्वीं ही अट ५० टक्क्यांची होती. आतां समजा, दोन हेक्टरांच्या बागेपुढें ३५ लिहिलें तर पूर्ण दरानें मदत. ३० लिहिलें तर एक पैसाहि नाहीं. कागदावर अंतर पांचाचें, पण २०१९ च्या दरानें तेंच ३६,००० रुपयांचें होतें. एवढी गोष्ट ज्या एका आंकड्यावर टांगलेली, तो आंकडा कोणत्या तारखेस लिहिला, बांधावर उभें राहून लिहिला कीं बसल्या जागीं, हें विचारणें म्हणजे कोणावर आळ घेणें नव्हे. गारेचा मार बसलेला मणी पहिल्या दिवशीं बहुधा धडका दिसतो आणि आठवड्यानें सडतो; तेव्हां तारखेस महत्त्व आहे. तलाठ्याकडे एकाहून अधिक गांवें असतात व वरून मुदतीचा तगादा असतो, हेंहि आम्ही जाणतों. म्हणूनच आंकडा लिहिल्याबरोबर शेतकऱ्यानें तो वाचावा. आमच्याकडे येणाऱ्यांपैकीं बहुतेकांनीं आपला पंचनामा वाचलेला नसतो. सही मात्र केलेली असते.

यादीविषयीं आतां. २०२३ पासून मदत सरळ शेतकऱ्याच्या आधारशीं जोडलेल्या बँक खात्यांत जमा होऊं लागली. यादींतील प्रत्येक नांवास विशिष्ट क्रमांक मिळतो, लोक त्यास 'व्हीके नंबर' म्हणतात, आणि तो घेऊन सेवा केंद्रांत ओळख पटवावी लागते. या पद्धतीनें मधले हात कमी झाले हें मान्य केलें पाहिजे. परंतु यंत्र यादी तपाशीत नाहीं. यादींत जें नांव घालावें त्याच्या खात्यांत तें इमानें पैसा टाकतें. जालना जिल्ह्यांतील अंबड व घनसावंगी तालुक्यांत २०२२ ते २०२४ या काळांतील अतिवृष्टि व गारपिटीच्या अनुदानाचा अपहार २०२५ सालीं उघडकीस आला, तो याच नव्या पद्धतीच्या काळांतला. शेतकरी नसलेल्यांचीं नांवें याद्यांत शिरल्याचें चौकशींत आढळलें व अनेक तलाठ्यांस निलंबित करण्यांत आलें. मंत्रालयांतील कोणत्याहि हुशार अधिकाऱ्यास असलें नांव ओळखणें कठीण. पण त्याच गांवच्या पारावर बसलेल्या म्हाताऱ्यास तें एका क्षणांत ओळखतां येतें. या गटांत हा मनुष्य कधीं औत घेऊन गेला नाहीं, हें त्यास ठाऊक असतें. त्यास यादी वाचून दाखविली पाहिजे, एवढेंच.

कोणी म्हणतील, गरजूंचीं नांवें अशीं भिंतीवर लावणें हा त्यांचा उपमर्द आहे. खाजगी दानाविषयीं हें खरें. आमची समिति ज्या घरीं धान्य पोहोंचविते त्यांचीं नांवें आम्ही छापीत नाहीं. सार्वजनिक पैशाची गोष्ट निराळी. नांव, गट नंबर, क्षेत्र, नुकसानीचें प्रमाण व रक्कम हीं उघड असावींत. बँक खातें व आधार क्रमांक झांकलेले असावेत. अमेरिकेंत २०१२ सालीं 'सँडी' वादळ आलें, त्यानंतर न्यूयॉर्क शहरानें कायदा करून पुनर्वसनाच्या पैशाचा व ठेक्यांचा हिशेब लोकांस संगणकावर दिसेल असा ठेवविला. तेथें कोट्यवधि डॉलरांचा प्रश्न होता, येथें हजारांचा आहे. पण पाहण्याचा हक्क रकमेवर ठरत नाहीं.

आपल्याकडे हा हक्क १२ ऑक्टोबर २००५ पासून अमलांत असलेल्या माहिती अधिकाराच्या कायद्यानें दिला आहे. त्याच्या चौथ्या कलमाप्रमाणें अनुदानाच्या कार्यक्रमांत किती रकमा दिल्या व लाभ कोणास झाला, हा तपशील कार्यालयानें कोणीं न मागतां आपण होऊन प्रसिद्ध करावयाचा आहे. मात्र येथें एक नवी अडचण आली आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानें माहिती अधिकाराच्या आठव्या कलमांतील वैयक्तिक माहितीचें पोटकलम बदललें, व तो बदल नोव्हेंबर २०२५ मध्यें अमलांत आला. पूर्वीं त्या पोटकलमांतच व्यापक लोकहितासाठीं अशी माहिती देण्याची सोय होती. ती आतां तेथें नाहीं. त्यामुळें 'वैयक्तिक माहिती' असा शेरा मारून यादी नाकारली जाण्याचें भय वाढलें आहे. असा शेरा आल्यास अपिलांत दोन गोष्टी दाखवाव्या: एक, चौथें कलम जसेंच्या तसें आहे, दुसरी, हानीपेक्षां लोकहित अधिक असेल तर माहिती देतां येईल, असें सांगणारें त्याच आठव्या कलमाचें दुसरें उपकलम कायम आहे.

अर्ज तहसील कचेरींतील जन माहिती अधिकाऱ्याच्या नांवें करावा. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणें एका अर्जांत एकच विषय व दीडशें शब्दांची मर्यादा, यास्तव गाऱ्हाणें लिहीत बसूं नये. दहा रुपयांचें कोर्ट फी तिकीट लावावें. दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास तेंहि लागत नाहीं. गांव, हंगाम व आपत्तीची तारीख लिहून पंचनाम्याची प्रत, मंजूर यादी आणि वगळलेल्या नांवांचीं कारणें एवढेंच मागावें. उत्तरास मुदत तीस दिवसांची. न आल्यास किंवा न पटल्यास पुढील तीस दिवसांत पहिलें अपील, आणि त्यानंतर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरें. आयोगाचें खंडपीठ नाशिक येथेंहि आहे.

ज्यांस लिहितां येत नाहीं त्यांचे अर्ज समितीचे स्वयंसेवक विनामूल्य लिहून देतील. येतांना सातबारा, असल्यास पंचनाम्याची प्रत व व्हीके नंबरची पावती आणावी. ज्यांचें नांव यादींत आलें पण ओळख न पटविल्यामुळें पैसा अडून राहिला, त्यांनीं प्रथम यावें. मिळालेल्या याद्या येत्या ग्रामसभेंत मोठ्यानें वाचून दाखविण्याची विनंती आम्हीं ग्रामपंचायतीस केली आहे, आणि त्याच दिवशीं समितीच्या कीर्दखतावण्याहि तेथें टेबलावर उघड्या ठेवल्या जातील.