आधी पाणी शोधा, मग वायर

वरळीच्या बीडीडी चाळींत गाडी ठेवायला जागा कधी नव्हतीच. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने १९२०च्या दशकात या चाळी बांधल्या. तळमजला अधिक तीन मजले, १६० चौरस फुटांची खोली, सामाईक संडास. वरळीत अशा १२१ इमारती होत्या. पुढे गिरणी कामगारांच्या मुला-नातवंडांनी टॅक्सी घेतली, टूरिस्ट परमिटची गाडी घेतली आणि ती चाळींमधल्या रस्त्यावर लावली. पावसाळ्याचे चारही महिने ती उघड्यावर भिजते. याच रस्त्यांवर मी गाड्यांचं वायरिंग करत आलो आहे. जून लागला की ‘इलेक्ट्रिकचं काहीतरी झालंय’ म्हणून गाड्या येऊ लागतात. त्यांतल्या पुष्कळ गाड्यांचं दुखणं पाण्याचं असतं आणि ते पाणी पुढच्या काचेच्या आजूबाजूने आत शिरलेलं असतं. ज्याचं पोट गाडीवर आहे, त्याला हे ठाऊक असायलाच हवं. म्हणून हे अनुभवाचे बोल.

१. पावसात सुरू झालेला आणि उन्हात बरा झालेला बिघाड संशयास्पद समजा

हॉर्न आपोआप वाजतो. वायपर बंद केला तरी थांबत नाही. सेंट्रल लॉक स्वतःच उघडझाप करतं. डॅशबोर्डवर एअरबॅगचा दिवा लागतो आणि दोन दिवस ऊन पडलं की विझतो. अशा वेळी लोक आधी पार्ट बदलतात. नवा रिले, नवा स्विच, कधी महागडा कंट्रोल मॉड्यूलही. पाणी मात्र आत येतच राहतं आणि पुढच्या सरीत नवा पार्टही जातो. बिघाड कधी होतो, पाऊस चालू असताना, पाऊस गेल्यावर की गाडी धुतल्यावर, हे ड्रायव्हरने नीट सांगितलं तर अर्धं काम तिथेच होतं.

२. पाणी कुठलं आहे ते ओळखा

पायाखाली ओल दिसली म्हणजे काच गळते असं नाही. एसीच्या पाण्याची नळी तुंबली तर पाणी बहुधा डाव्या बाजूला, पुढच्या सीटच्या पायाशी उतरतं. ते स्वच्छ असतं, वास नसतो आणि कडक उन्हातही येतं. हीटरचा रेडिएटर गळत असेल तर पाणी चिकट, रंगीत आणि गोडसर वासाचं असतं. काचेवर आतून तेलकट धुकं धरतं आणि कूलंटची पातळी उतरते. पावसाचं पाणी धूळ घेऊन येतं, वाळल्यावर मातकट डाग सोडतं. बोट लावा, वास घ्या, पांढऱ्या फडक्याने टिपून बघा. पाच मिनिटांच्या या तपासणीने दिवसभराची खोलाखोल वाचते.

३. थेंब पडतो तिथे भोक नसतं

चाळीत वाढलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. स्लॅबची चीर वर गॅलरीत असते आणि ओल खोलीत भलत्याच कोपऱ्यात फुटते. गाडीतही काचेच्या वरच्या कोपऱ्यातून आत आलेलं पाणी छताच्या कापडाआडून काचेच्या बाजूच्या खांबात उतरतं, खांबातल्या वायरिंगच्या अंगाने खाली जातं आणि डॅशबोर्डच्या टोकाशी फ्यूज बॉक्सवर टपकतं. ओला फ्यूज बॉक्स पाहून त्याच्याच आसपास छिद्र शोधत बसलं तर ते सापडत नाही. ओल जिथे दिसते तिथून वर, पाण्याच्या उलट वाटेने जायचं.

४. वायपरखालची जाळी हा गाडीचा सर्वांत दुर्लक्षित भाग आहे

काचेवरून ओघळणारं पाणी वायपरखालच्या जाळीतून एका पन्हळीत पडतं आणि दोन्ही टोकांच्या भोकांतून चाकांच्या मागे खाली जातं. वायपरची मोटर तिथेच असते आणि बहुतेक गाड्यांत एसीच्या ब्लोअरचं हवा घेण्याचं तोंडही तिथेच असतं. ती भोकं बुजली की पन्हळ भरते आणि पाणी थेट ब्लोअरमधून डॅशबोर्डच्या आत उतरतं. अशा गाडीची काच पक्की असते, रबर शाबूत असतं, तरी डावीकडचं कार्पेट भिजलेलं असतं.

आमच्याकडे ही भोकं लवकर बुजतात. एप्रिल-मे महिन्यांत सोनमोहराच्या बारीक पिवळ्या पाकळ्या गाड्यांवर सडा घालतात. पिंपळाची पानं जाळीत अडकतात. चाळींचा पुनर्विकास सुरू झाल्यापासून सिमेंटची धूळही भर घालते. पहिल्या पावसात ती भिजते आणि भोकात घट्ट बसते. जाळी काढा, कचरा हाताने उचला, मग तांब्याभर पाणी ओता आणि ते दोन्ही चाकांच्या मागे पडतंय का ते वाकून बघा. भोकात जाड तार खुपसू नका. खालची रबरी नळी फाटली तर नवाच उपद्व्याप होतो.

५. पाइप नेहमी खालून वर न्यायचा

आमच्या चाळीतल्या एका काकांची टूरिस्ट गाडी मध्यरात्री मुसळधार पावसात हॉर्न वाजवू लागली. सगळे गॅलरीत आले. काकांनी खाली जाऊन बॅटरीची वायर काढली, तेव्हा ती गप्प झाली. सकाळी म्हणाले, “अरे बाळा, हॉर्नच बदलून टाक ना.” मी म्हटलं, “काका, हॉर्नचा काही दोष नाही. आधी कार्पेट उचलू द्या.” डाव्या बाजूला पायाशी, प्लास्टिकच्या झाकणामागे वायरी जोडणारा एक कपलर होता. उघडला तर दोन पिनांवर हिरवी पूड साचलेली, तिसरी पीन कुजून तुटलेली.

मग पाण्याची वाट शोधायची होती. खांबाचं आवरण उतरवून आत टाल्कम पावडर मारली. एक जण टॉर्च घेऊन आत बसला, मी बाहेरून पाइप सोडला, धार मंद ठेवून. आधी वायपरची जाळी, मग काचेची खालची कड, मग बाजू, शेवटी वरची कड. एका जागेवर चार-पाच मिनिटं थांबायचं. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि नेमकी गळती कळत नाही. काच वरच्या कोपऱ्यात गळत होती. पावडरीत पाण्याची बारीक रेघ उमटली आणि सरळ त्या कपलरकडे गेली. उन्हाळ्यात काच बदलताना गोंदाचा जुना थर खरवडला होता, त्यात रंग निघून पत्रा उघडा पडला होता. त्यावर प्रायमर न लावताच नवा थर दिला होता. पत्रा गंजला, थर सुटला.

ज्या गाड्यांना बाजूच्या पडदा-एअरबॅग आहेत, त्यांचं खांबाचं आवरण स्वतः ओढू नका. ते काम जाणकाराकडेच द्या.

६. काच बदलताना शेजारी उभे राहा

प्रीमियर पद्मिनीची काच रबराच्या बीडिंगमध्ये बसायची. रबर कडक झालं की पाणी यायचं, ड्रायव्हरचे पाय भिजायचे आणि गाडी तशीच धंदा करायची. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि २० वर्षांची मुदत भरल्यावर २०२३मध्ये रस्त्यावरून उतरली. आजच्या गाडीची काच पॉलियुरेथेनच्या गोंदाने बॉडीला चिकटवलेली असते. ती बॉडीला बळकटी देते आणि डाव्या बाजूची एअरबॅग फुगताना बहुतेक गाड्यांत तिचाच आधार घेते. म्हणून ओरखडा पडलेल्या जागी प्रायमर लागला का, गोंदाची धार कुठे तुटली का, हे बघा. गोंद हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतो. डब्यावर लिहिलेला वेळ होईपर्यंत गाडी हलवू नका. त्या दिवशी एक खिडकी थोडी उघडी ठेवा, नाहीतर दार आपटलं की आतल्या हवेचा दाब ओल्या गोंदावर येतो. आणि काच बदलायचीच असेल तर मे उजाडण्याआधी बदला.

७. सिलिकॉन फासू नका

गळती दिसली की हार्डवेअरच्या दुकानातून सिलिकॉनची नळी आणायची आणि कडेने फासायची, हा सर्रास चालणारा उपाय आहे. बाहेरून भोक बुजल्यासारखं वाटतं, आत साचलेलं पाणी मात्र तिथेच अडकतं. आंबट वास येणारं सिलिकॉन उघड्या पत्र्याला गंजवतं. शिवाय सिलिकॉनचा अंश राहिलेल्या जागी पॉलियुरेथेनचा गोंद नीट धरत नाही, त्यामुळे पुढे खरी दुरुस्तीही अवघड होते.

८. चालू वायर आधी कुजते

बंद गाडीतही काही वायरींत बॅटरीचा १२ व्होल्टचा दाब कायम असतो. पाणी आलं की त्या पिनांवर विद्युत-विघटन सुरू होतं, तांबं झिजतं आणि हिरवं होतं. वरळीची हवा खारी, त्यामुळे हे आणखी वेगाने घडतं. ओल तांब्याच्या तारांमधून इन्सुलेशनच्या आतही सरकते. बाहेरून वायर चांगली दिसते, सोलली तर आत काळी पडलेली असते. तेवढा तुकडा कापून, चांगलं तांबं लागेपर्यंत मागे जाऊनच जोड द्यावा. कार्पेटखालचे अर्थिंगचे बोल्ट उघडून घासा. कपलर परत बसवताना वायरीला खाली झोळ द्या, म्हणजे थेंब कपलरमध्ये न जाता झोळावरून गळून पडेल. पिवळ्या कपलरला टेस्टर लावू नका. ती एअरबॅगची लाइन असते.

९. बॅटरीला दोष देण्याआधी मीटर लावा

उभी गाडी झोपली, म्हणजे तिचे मॉड्यूल शांत झाले, की ती साधारण ५० मिलिअँपियरच्या आतच करंट घेते. ओला मॉड्यूल झोपतच नाही. तो अर्धा अँपियर जरी ओढत राहिला तरी २४ तासांत १२ अँपियर-तास जातात. लहान गाडीची ३५ अँपियर-तासांची बॅटरी दोन-तीन दिवसांत बसते. गाडी बंद करून अर्धा तास थांबा, मग मोजा. एकेक फ्यूज काढत गेलात की दोषी सर्किट सापडतं.

१०. कार्पेट वरून सुकतं, खालून नाही

कार्पेटखालचा फोम महिनोन् महिने पाणी धरून ठेवतो. गाडी बंद करून उन्हात ठेवली की ती वाफ वर चढते, डॅशबोर्डच्या सर्किटवर बसते आणि नवे बिघाड घडवते. सीट काढा, फोम बाहेर काढून पंख्याखाली सुकवा. अशा गाडीत दिवसभर बसणाऱ्या ड्रायव्हरच्या छातीलाही बुरशीचा त्रास होतो. दुरुस्तीचा हा भाग टाळू नये.

११. विम्याच्या भरवशावर राहू नका

२६ जुलै २००५ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबईकर पुराच्या पाण्याला घाबरायला शिकले. पूर ही घटना असते. तिचा दिवस असतो, खूण असते, दावा करता येतो. काचेतून झिरपणाऱ्या पाण्याचा दिवस सांगता येत नाही. आपल्याकडच्या मोटार पॉलिसीत झीज आणि विजेचा बिघाड वगळलेला असतो, त्यामुळे हा खर्च बहुधा मालकाच्याच खिशातून जातो. हप्ते चालू असलेल्या टॅक्सीवाल्याला तो पेलत नाही. रोज उभ्या राहिलेल्या गाडीमागे त्या दिवसाची कमाईही जाते.

१२. छप्पर मिळालं तरी तपासणी सोडू नका

ऑगस्ट २०२५मध्ये वरळीतल्या ५५६ घरांच्या चाव्या वाटल्या गेल्या. आमचे काही शेजारी ५०० चौरस फुटांच्या घरात गेले, याचा मनापासून आनंद आहे. नव्या इमारतींत पार्किंगचे मजलेही आहेत. पण धंद्याची गाडी रात्री छपराखाली उभी राहिली तरी दिवसभर पावसातच पळते. नव्या गाड्यांत मॉड्यूल जास्त, म्हणजे एका थेंबाची किंमतही जास्त. तेव्हा दर वर्षी मे महिन्यात एक संध्याकाळ काढा. जाळी साफ करा, काचेच्या चारही कडांवर खालून वर पाणी सोडा, चारही पायांशी कार्पेट उचलून हात फिरवा. कोरडं लागलं तर निर्धास्त धंद्याला लागा. ओल लागली तर त्याच आठवड्यात गाडी उघडा. पाऊस सुरू झाल्यावर ती सुकायलाही जागा मिळत नाही.