सहलीचे पैसे नेमके जातात कुठे?

दिवाळीची सुट्टी संपली की शाळांच्या सहलींचे वारे वाहू लागतात. छत्रपती संभाजीनगर परिसरातली वेरूळ, दौलताबाद आणि बीबी का मकबरा ही त्यातली ठरलेली वाट. वर्गणीचा आकडा ऐकला की पालकांना वाटते, तिकिटेच महाग असणार. प्रत्यक्षात तिकीट हा सगळ्यात किरकोळ खर्च आहे.

तिकीट
ही तिन्ही स्मारके भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहेत. तिथे १५ वर्षांखालील मुलांना प्रवेश मोफत असतो. मोठ्यांसाठी २०१८ मध्ये ठरलेला दर असा: वेरूळ रोखीने ४० रुपये, ऑनलाइन ३५, दौलताबाद व मकबरा प्रत्येकी रोखीने २५, ऑनलाइन २०. म्हणजे तिन्ही ठिकाणे मिळून माणशी ऑनलाइन ७५ रुपये.

सातवीची ४० मुले आणि ४ शिक्षक धरा. तिकिटे फक्त शिक्षकांची, एकूण ३०० रुपये, मुलामागे साडेसात. दहावीच्या मुलांनी मात्र बहुधा पंधरावे ओलांडलेले असते. सगळ्यांनाच तिकीट लागले, तर हाच आकडा साडेब्याऐंशीवर जातो. जन्मतारखांसह मुलांची यादी आणि शाळेची ओळखपत्रे सोबत ठेवा.

गाडी
वर्गणीचा मोठा वाटा इथे जातो. शैक्षणिक सहलीसाठी एसटी प्रासंगिक करारावर ५० टक्के सवलतीत मिळते. मुख्याध्यापकांचे पत्र घेऊन आगारात लवकर जा, कारण डिसेंबर-जानेवारीत गाड्यांना मागणी असते. किमान किती किलोमीटर धरणार, मुक्काम व थांबण्याचा आकार किती, अनामत कधी परत मिळणार, हे आधीच विचारा. खासगी बस घेतलीत तर टोल, पार्किंग आणि चालकाचा भत्ता भाड्यात धरला आहे का, ते लिहून घ्या.

भाडे भागताना आसनांची संख्या धरू नका, पैसे भरलेल्या मुलांची धरा. चार मुले ऐनवेळी गळाली, तर त्यांचा भार बाकीच्यांवर येतो.

न दिसणारे खर्च
अजिंठा जोडायचे असेल, तर आपली गाडी फर्दापूर तिठ्यावर थांबते. पुढच्या सुमारे ४ किलोमीटरसाठी तिथल्या बसचे तिकीट प्रत्येकाला वेगळे काढावे लागते. वेरूळला गाइड घ्यायचा, तर मानधन आधी ठरवा. चाळिसांच्या घोळक्यात मागच्या मुलांना काही ऐकू जात नाही, म्हणून दोन गट करा. दौलताबाद किल्ल्यातल्या ‘अंधारी’ या काळोख्या वाटेत दोन-तीन चांगल्या बॅटऱ्या हव्यात. घरचा डबा नेला की एका जेवणाचे पैसे वाचतात.

संग्रहालयांना वरचा मोफत प्रवेशाचा नियम सरसकट लागू नाही. विद्यार्थी सवलतीची चौकशी आधी करा, पत्र मागितले तर पाठवा.

वार पाहा
वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी. वार चुकला, तर गाडीभाडे अक्षरशः पाण्यात जाते.

पालकांनी संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी गाडी, तिकीट, जेवण, गाइड आणि किरकोळ अशा पाच रकान्यांचा हिशेब मागावा. शाळेनेही तो सूचनेसोबतच द्यावा आणि उरलेली रक्कम परत करावी.