पहिलं विमान मोडेल, रेडिओ टिकायला हवा

प्रश्न : माझी मुलगी अकरावीत शिकते. आम्ही देवपुरात राहतो, त्यामुळे गोंदूरच्या विमानतळावरून उडणारी शिकाऊ वैमानिकांची विमानं ती लहानपणापासून बघत आली आहे. आता तिला फोमचं विमान स्वतः बांधून रिमोटवर उडवायचं आहे. मोटर, बॅटरी, सर्व्हो हे सगळं दोन-तीन हजारांत बसतं. पण ट्रान्समीटरचं गणित आम्हाला सुटत नाही. एक दुकानदार साडेचार-पाच हजारांचा सहा चॅनेलचा संच दाखवतो, दुसरा वीस हजारांचा सोळा चॅनेलचा. जास्त चॅनेल म्हणजे जास्त चांगला रेडिओ, असं असतं का? घेताना नेमकं काय बघावं?
— एक आई, धुळे

उत्तर : ताई, तसं नसतं. चॅनेलच्या आकड्यावरून रेडिओचा दर्जा ठरत नाही. सहा चॅनेलचा संच तुमच्या मुलीला पुढची दोन-तीन वर्षं आरामात पुरेल. विचारायला हवेत ते प्रश्न दोनच : तिला शिकवणारा माणूस कोणत्या मोडवर उडवतो, आणि सिग्नल तुटला तर विमान काय करेल?

त्याआधी तिच्या हौसेबद्दल थोडं. स्वतः बांधलेलं विमान उडवण्याची ओढ तुमच्या गावाला नवी नाही. मुंबईत कांदिवलीला घराच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी बांधलेलं सहा आसनी विमान २०२० साली धुळ्याच्याच धावपट्टीवरून आकाशात गेलं. तेव्हा तिच्या हट्टाकडे खेळणं म्हणून बघू नका. आणि खरेदी करताना एक धरून चाला, की शिकताना विमान मोडणारच. फोम चिकटवता येतो, पंखा बदलता येतो, एका वर्षात दोन-तीन विमानं होतात. रेडिओ मात्र त्या सगळ्या विमानांना तोच चालतो. म्हणून तो विचार करून घ्यायचा.

आता चॅनेल. एक चॅनेल म्हणजे विमानाला देता येणारी एक स्वतंत्र आज्ञा. थ्रॉटलनं मोटरचा वेग, एलिव्हेटरनं नाक वर-खाली, रडरनं नाक डावी-उजवीकडे, एलेरॉननं पंख कलवणं, असे मुख्य चार. पंख वरच्या बाजूला असलेलं साधं शिकाऊ विमान एलेरॉनशिवाय तीन चॅनेलवरही छान उडतं. पुढे फ्लॅप आले, आत घेता येणारी चाकं आली, की पाचवा-सहावा लागतो. सोळा चॅनेलची गरज मोठ्या, गुंतागुंतीच्या मॉडेलला पडते.

मोड म्हणजे कोणत्या स्टिकवर कोणती आज्ञा याची मांडणी. मोड २ मध्ये डाव्या स्टिकवर थ्रॉटल आणि रडर, उजव्या स्टिकवर एलिव्हेटर आणि एलेरॉन. मोड १ मध्ये थ्रॉटल आणि एलेरॉन उजवीकडे, एलिव्हेटर आणि रडर डावीकडे. यातला कोणताही चूक नाही. पण बोटांना एकदा जी सवय लागते ती सुटत नाही, आणि गडबडीत उलटी स्टिक ओढली जाते. शिवाय चांगला गुरू ‘ट्रेनर’ पद्धतीनं शिकवतो : त्याचा आणि शिष्येचा असे दोन रेडिओ वायरनं जोडायचे, गुरूनं बटण दाबून धरलं की ताबा मुलीकडे, विमान घसरू लागलं की बटण सोडून ताबा परत आपल्याकडे. हे दोन्ही रेडिओ एकमेकांशी जुळणारे असावे लागतात. म्हणून गावात किंवा जवळपास कोणी उडवणारं असेल, तर दुकानात जाण्याआधी त्यांना भेटा आणि त्यांच्याच मोडचा, शक्यतो त्यांच्याच कंपनीचा संच घ्या. कोणीच नसेल तर मोड २ घ्या. सुरुवातीचे धडे आणि संच त्यात सहज मिळतात.

दुसरा मुद्दा फेलसेफचा, आणि तो सगळ्यांत महत्त्वाचा. ट्रान्समीटरकडून येणारा सिग्नल तुटला की विमानातल्या रिसीव्हरनं काय करायचं, ते आधी ठरवून ठेवता येतं. त्याला फेलसेफ म्हणतात. तो लावलेला नसेल तर काही रिसीव्हर शेवटची आज्ञा तशीच धरून ठेवतात. पूर्ण वेगात असलेलं विमान पूर्ण वेगातच निघून जातं, मग पुढे रस्ता असो की वस्ती. तो लावून घेण्याची रीत अशी : मोटरचा पंखा काढून ठेवा. ट्रान्समीटरच्या मेन्यूत थ्रॉटलचा फेलसेफ शून्यावर ठेवून सेव्ह करा. मग मोटर हळू फिरत ठेवा आणि ट्रान्समीटर सरळ बंद करा. एक-दोन सेकंदांत मोटर थांबली पाहिजे. थांबली नाही तर त्या दिवशी विमान उडवायचं नाही. दुकानात हीच चाचणी करून दाखवायला सांगा. जो विक्रेता ती दाखवू शकतो, त्याच्याकडून घ्यावं.

यानंतर बघायच्या गोष्टी तीन. पहिली, मॉडेल मेमरी : प्रत्येक विमानाची जुळणी वेगळी साठवता आली पाहिजे, नाहीतर दर वेळी ट्रिम आणि सर्व्होच्या दिशा नव्यानं लावाव्या लागतात. दुसरी, ड्युअल रेट आणि एक्स्पो : स्टिक थोडी हलली तर विमान थोडंच हलावं, अशी सोय. नवशिक्याच्या हातातली थरथर यामुळे विमानापर्यंत पोहोचत नाही. तिसरी, कॉम्प्युटरला जोडून सिम्युलेटरवर सराव करण्याची सोय. विमान आपल्याकडे तोंड करून येत असताना डावं-उजवं उलटं होतं. सुरुवातीचे बहुतेक अपघात इथेच घडतात. हे अंगवळणी पाडण्याची जागा म्हणजे सिम्युलेटर. तिथे विमान शंभरदा पडलं तरी खर्च शून्य. पहिला महिना तिला तिथेच उडवू द्या.

नावं घेऊन सांगायचं, तर फ्लायस्कायचा एफएस-आय६ हा सहा चॅनेलचा, रिसीव्हरसह मिळणारा संच कमी खर्चात या सगळ्या गरजा भागवतो. चार साध्या पेन्सिल सेलवर चालतो, वीस विमानांची जुळणी लक्षात ठेवतो, आणि थ्रॉटल खाली नसेल किंवा एखादा स्विच चुकीच्या जागी असेल तर सुरू होतानाच इशारा देतो. थोडे जास्त पैसे घालायची तयारी असेल तर रेडिओमास्टरचे संच बघा. त्यांतलं एजटीएक्स हे सॉफ्टवेअर खूप काही करू देतं. शिकायला वेळ लागतो, पण अकरावीतली जिज्ञासू मुलगी ते शिकेल. फुटाबा आणि स्पेक्ट्रम या कंपन्या जुन्या आणि भरवशाच्या आहेत, मात्र त्यांचे रिसीव्हरही महाग पडतात, आणि प्रत्येक विमानाला एक रिसीव्हर लागतो हे हिशेबात धरा. वीस हजारांचा संच वाईट नाही. तो दोन-तीन वर्षांनी घ्यावा.

आणखी एक खानदेशी सूचना. आपल्याकडच्या मे महिन्यात बंद गाडीच्या काचेमागे रेडिओ किंवा लिपो बॅटरी ठेवू नका. बॅटरी फुगते, पेट घेण्याचाही धोका असतो, आणि तापलेला एलसीडी पडदा काळा पडून आकडे दिसेनासे होतात. उडवायची वेळ सकाळची, ऊन आणि वारा चढण्याआधीची.

प्रश्न : एकाच मैदानात तिघं-चौघं उडवत असले तर एकाचा रेडिओ दुसऱ्याच्या विमानाला लागत नाही का? काकांकडे ७२ मेगाहर्ट्झचा जुना संच पडून आहे, तो वापरू का?
— एक विद्यार्थी, जळगाव

उत्तर : पूर्वी लागायचा. जुन्या संचात क्रिस्टल असे आणि तो एकाच ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर बोले. मैदानात दोघांकडे एकच क्रिस्टल निघाला आणि दोघांनी एकदम रेडिओ सुरू केला, की हवेतलं विमान गेलंच. म्हणून मैदानात फळा ठेवून त्यावर फ्रिक्वेन्सीच्या चिमट्या लावत. चिमटी हातात असल्याशिवाय रेडिओ सुरू करायचा नाही, असा दंडक होता.

२००५-०६ च्या सुमारास २.४ गिगाहर्ट्झचे संच आले आणि ही काळजी मिटली. आजचे बहुतेक संच एका फ्रिक्वेन्सीवर थांबत नाहीत. ठरलेल्या क्रमानं सेकंदात अनेक वेळा जागा बदलतात. तो क्रम फक्त त्या ट्रान्समीटरला आणि त्याच्याशी जोडलेल्या रिसीव्हरला माहीत असतो. ही जोडणी म्हणजेच बाइंड करणं. एखाद्या क्षणी दुसऱ्याशी टक्कर झालीच, तर पुढच्या क्षणी दोघं वेगळ्या जागी असतात. अशा फ्रिक्वेन्सी बदलत जाण्याच्या कल्पनेचं एक पेटंट अभिनेत्री हेडी लामार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांना ऑगस्ट १९४२ मध्ये अमेरिकेत मिळालं होतं. शत्रूला टॉर्पेडोचं नियंत्रण बिघडवता येऊ नये म्हणून त्यांनी ८८ फ्रिक्वेन्सींची योजना मांडली होती. पियानोच्या पट्ट्याही तेवढ्याच.

काकांचा संच आठवण म्हणून जपा, उडवायला वापरू नका. त्याचे क्रिस्टल आणि रिसीव्हर आता मिळणं कठीण, आणि शेजारच्या कोणाच्या लक्षातही येणार नाही की तुम्ही कोणत्या फ्रिक्वेन्सीवर आहात. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा भारतात जानेवारी २००५ पासून ठरावीक शक्तीपर्यंत विनापरवाना खुला आहे, त्यामुळे तोच घ्यावा. परदेशातून परस्पर मागवलेला रेडिओ मंजुरीअभावी कस्टममध्ये अडकू शकतो. इथल्या विक्रेत्याकडून बिलासह घ्या. ‘लाँग रेंज’ म्हणून ९१५ मेगाहर्ट्झचे अमेरिकी मॉड्यूल दाखवले तर नको म्हणा. तो पट्टा आपल्याकडे खुला नाही. जवळचा खुला पट्टा ८६५ मेगाहर्ट्झपासून सुरू होणारा, अगदी अरुंद आहे.

प्रश्न : दुकानदारानं एक किलोमीटरचा पल्ला सांगितला होता. आमच्या मळ्यात अडीचशे मीटरवरच विमान हातातून गेलं. रेडिओ खराब निघाला का?
— एक शेतकरी, यावल तालुका

उत्तर : भाऊ, रेडिओला दोष देण्याआधी तीन गोष्टी तपासा.

पहिली, विमान तेव्हा कुठे होतं? २.४ गिगाहर्ट्झच्या तरंगाची लांबी फक्त साडेबारा सेंटिमीटर. इतके आखूड तरंग सरळ रेषेत जातात आणि पाणी त्यांना शोषून घेतं. तुमच्याकडच्या बागेतलं केळीचं पान म्हणजे पाण्यानं भरलेला पडदा. विमान खाली येऊन बागेच्या आड गेलं की सिग्नल पडतो. मळ्याच्या कडेनं नव्हे, मोकळ्या पडीक रानात उडवा आणि विमान झाडांच्या उंचीखाली दूर जाऊ देऊ नका.

दुसरी, अँटेना कशी आहे? रिसीव्हरच्या वायरचं टोकाकडचं साधारण ३१ मिलिमीटर, म्हणजे तरंगाच्या पाव लांबीचं, उघडं टोक हीच खरी अँटेना. ते वाकलेलं, बॅटरीला चिकटलेलं किंवा कार्बनच्या पट्टीमागे दडलेलं नसावं. दोन अँटेना असतील तर एकमेकींशी काटकोनात लावा. हातातल्या रेडिओची अँटेना विमानाकडे रोखू नका. तिच्या टोकाच्या दिशेनं सिग्नल सर्वांत कमी जातो, कडेनं सर्वांत जास्त.

तिसरी, आणि बहुतेक लोक विसरतात ती : रिसीव्हरला वीज पुरते का? मोटरच्या स्पीड कंट्रोलरमधूनच रिसीव्हर आणि सर्व्होंना पाच व्होल्ट मिळतात. सर्व्हो अडकून जास्त करंट ओढू लागले की व्होल्टेज क्षणभर खाली जातं, रिसीव्हर बंद पडून पुन्हा सुरू होतो. आपल्याला वाटतं सिग्नल तुटला. जमिनीवर सगळ्या स्टिक एकदम जोरात हलवून बघा. रिसीव्हरचा दिवा लुकलुकला तर दोष विजेचा आहे.

उडवण्याआधी पल्ल्याची चाचणी रोज करा. अनेक संचांत शक्ती कमी करून तपासण्याची सोय असते. त्या अवस्थेत तीस पावलांवरून सगळे पृष्ठभाग नीट हलले पाहिजेत. आणि रेडिओ एक किलोमीटर पोहोचला तरी मीटरभर पंखांचं विमान कुठे वळतंय हे डोळ्यांना त्याच्या खूप आधी दिसेनासं होतं. खरा पल्ला आपल्या नजरेचा.

प्रश्न : शाळेच्या मैदानावर मुलांना उडवून दाखवायचं आहे. परवानगी लागते का?
— एक शिक्षक, जळगाव

उत्तर : सर, जागा आधी नकाशावर बघा. ऑगस्ट २०२१ पासून लागू असलेले ड्रोन नियम मानवरहित विमानांनाही लागू आहेत. दोन किलोपर्यंतचं विमान हौसेसाठी उडवायला रिमोट पायलटचं लायसन्स लागत नाही. पण कुठे उडवायचं याचं बंधन सगळ्यांना आहे. सरकारच्या डिजिटल स्काय या संकेतस्थळावरच्या नकाशात हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत मोकळीक आहे. चालू विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ती २०० फुटांपर्यंतच, आणि ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय उडवता येत नाही. जळगावचा विमानतळ कुसुंब्याला, शहराला लागूनच आहे. त्यामुळे तुमचं मैदान या वर्तुळात येण्याची शक्यता मोठी. भुसावळ-वरणगावच्या आयुध निर्माणी किंवा दीपनगरचं वीजकेंद्र यांच्या आसपास तर विमान काढूच नका.

हे बंधन कागदी नाही. धुळे, शिरपूर, जळगाव या तिन्ही ठिकाणी वैमानिक घडवले जातात. पहिल्यांदाच एकटं उडणारं कोणी उतरण्यासाठी खाली येत असताना समोर मॉडेल आलं, तर ते चुकवण्याइतका सराव त्याच्याकडे नसतो.

मैदान बंधनात येत असेल तर मुलांना सुट्टीच्या दिवशी शहराबाहेर, नकाशात हिरव्या दिसणाऱ्या माळरानावर न्या. सगळ्यांना उडवणाऱ्याच्या मागे उभं करा. आधी ट्रान्समीटर सुरू, मग विमानाची बॅटरी. उतरल्यावर आधी विमानाची बॅटरी, मग ट्रान्समीटर. हा क्रम मुलांकडून म्हणवून घ्या आणि फेलसेफची चाचणी त्यांच्यासमोर करा. आपल्या हातातली वस्तू आपल्या ताब्यातून गेली तरी कोणाला इजा होता कामा नये, हे मुलांनी विमान उडवण्याआधी शिकायला हवं.