लवकर सापडलेला स्तनाचा कर्करोग: पहिले काही आठवडे



स्तनाचा कर्करोग सुरुवातीच्या टप्प्यात आहे असे डॉक्टर सांगतात, तेव्हा रोग स्तनात आणि फार तर काखेतल्या काही ग्रंथींपर्यंत असतो. यकृत, हाडे, फुप्फुसे यांपर्यंत तो पोचलेला नसतो. पहिल्या टप्प्यातली गाठ साधारण दोन सेंटिमीटरपर्यंतची असते. अशा वेळी रोग बरा करणे हाच उपचारांचा हेतू असतो. भारतातल्या स्त्रियांत आज हाच कर्करोग सर्वांत जास्त आढळतो. २०२२ या एका वर्षात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना तो नव्याने झाल्याचा अंदाज आहे.

बायोप्सीचा रिपोर्ट हातात आला की घरात धावपळ उडते. उद्याच्या उद्या ऑपरेशन उरकून टाका, असे कोणीतरी म्हणतेच. पण गाठ त्या दिवशी उगवलेली नसते, बरेचदा ती काही वर्षे वाढत आलेली असते. चाचण्या पुऱ्या करण्यात आणि दुसऱ्या डॉक्टरांचे मत घेण्यात दोन-तीन आठवडे गेले तर बहुधा काही बिघडत नाही. जडीबुटीत किंवा ‘मुलांची परीक्षा होऊन जाऊ दे’ म्हणण्यात तीन महिने गेले, तर मात्र बिघडते.

या आठवड्यांत सर्वांत मोलाचा कागद म्हणजे गाठीच्या तुकड्याच्या तपासणीचा. ईआर, पीआर (या दोन हार्मोनशी निगडित) आणि हर-टू या तीन खुणा त्यात असतात आणि उपचारांची दिशा बरीचशी त्यांवर ठरते. पहिल्या दोहोंपैकी एक जरी असली तरी हार्मोन रोखणारी गोळी, उदाहरणार्थ टॅमॉक्सिफेन, किमान पाच वर्षे घ्यावी लागते. हर-टू असेल तर ट्रास्टुझुमॅबची इंजेक्शने, बहुधा वर्षभर. तिन्ही नसतील तर मुख्य भिस्त किमोथेरपीवर, म्हणजे किमोवर. शेजारणीच्या नणंदेला किमो लागली नव्हती, ही माहिती म्हणूनच निरुपयोगी ठरते. तिचा कर्करोग वेगळा होता.

शस्त्रक्रियेबद्दलची भीती बहुधा स्तन जाण्याची असते. पूर्ण स्तन काढायलाच हवा का, या प्रश्नाचा अमेरिकेत बर्नार्ड फिशर आणि इटलीत उंबेर्तो व्हेरोनेसी या शल्यचिकित्सकांनी वीस वर्षे पाठपुरावा केला आणि दोघांचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. गाठ काढून उरलेल्या स्तनाला रेडिएशन देणे आणि पूर्ण स्तन काढणे, या दोहोंत आयुर्मानाचा फरक आढळला नाही. ‘सगळेच काढून टाकलेले बरे’ हा घरचा सल्ला प्रेमाचा असला तरी त्याला हा आधार नाही. गाठी एकाहून अधिक असतील किंवा रेडिएशन देता येत नसेल, तर गोष्ट निराळी. पुढे मूल हवे असेल तर डॉक्टरांशी ते किमोच्या आधी बोलायला हवे, कारण नंतर उशीर झालेला असू शकतो.

मनाचे म्हणाल तर झोप उडणे, चिडचिड, रडू येणे हे सगळे अपेक्षितच. ‘माझेच काहीतरी चुकले’ हा विचार अधिक पोखरतो. बहुसंख्य स्त्रियांत नेमके एक कारण दाखवता येत नाही; आनुवंशिक दोषाचा वाटा शंभरात पाच ते दहा इतकाच. ‘खंबीर राहा, हसत राहा’ ही आज्ञाही जाचकच, कारण हसण्याने गाठ लहान होत नाही आणि रडण्याने मोठी होत नाही. रोग शरीरभर पसरलेल्या ज्या स्त्रिया आधारगटात बसत होत्या त्या जास्त जगल्या, असे अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ डेव्हिड स्पीगेल यांनी १९८९ साली मांडले होते. कॅनडातल्या मोठ्या अभ्यासात २००१ मध्ये त्याला दुजोरा मिळाला नाही. मात्र गटातल्या स्त्रियांचा मानसिक त्रास आणि वेदना कमी झाल्याचे त्यातही दिसले. आधारापासून एवढीच अपेक्षा धरावी, आणि ती काही थोडी नव्हे.

घरात आधार म्हणजे वाटून घेतलेले काम. एकाने डॉक्टरांकडे सोबत वही घेऊन बसावे, कारण रुग्णाला ऐकलेले बरेचसे आठवत नाही. एकाने फाइल आणि पैसे सांभाळावेत. नातेवाइकांचे फोन घेणारी एखादी जाऊ किंवा बहीण असली तर तिचे उपकारच. कोणाला किती सांगायचे, हे मात्र रुग्ण स्त्रीनेच ठरवावे, सासूबाईंनी नव्हे. मुलांना खरे सांगावे: आजाराचे नाव, तो त्यांच्यामुळे झालेला नाही, तो लागत नाही, आणि शाळेतून आणायला कोण येणार.

तरीही याच वाटेने गेलेल्या बाईशी बोलण्याची सर घरच्यांना येत नाही. न्यूयॉर्कमध्ये १९५२ साली टेरेस लॅसर यांनी स्वतःच्या शस्त्रक्रियेनंतर इतर रुग्णांना भेटायला सुरुवात केली, त्यातूनच ‘रीच टू रिकव्हरी’ ही चळवळ उभी राहिली. मुंबईत १९५१ पासूनची इंडियन कॅन्सर सोसायटी आणि व्ही केअर, पुण्यात प्रशांती कॅन्सर केअर मिशन अशा संस्था आहेत. वाट विचारायला रुग्णालयातले वैद्यकीय समाजसेवक बरे. भीती आठवडेच्या आठवडे हटत नसेल तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे. ‘टेली-मानस’ या सरकारी मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे.

खर्चासाठी महाराष्ट्रात महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि केंद्राची आयुष्मान भारत या योजना आहेत. माहेरचे नाव एका कागदावर आणि सासरचे दुसऱ्यावर, एवढ्यानेही काम अडते, म्हणून दाखल होण्याआधीच रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनिसाला, कागद दाखवावेत. उपचारासाठी रेल्वेने येणाऱ्या रुग्णाला आणि सोबत्याला भाड्यात सवलत मिळते. मुंबईत परळला टाटा रुग्णालयात बाहेरगावाहून येणाऱ्यांना दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आणि परळची नाना पालकर स्मृती समिती ठाऊक असतात, पण जागा आधी विचारून ठेवलेली बरी.

उपचार संपल्यावर घर सुटकेचा निःश्वास टाकते आणि नेमके तेव्हाच पुष्कळ जणींचे मन खचते, कारण रोजची तपासणी, नर्सचा ओळखीचा चेहरा, सगळे एकदम थांबते. पहिली काही वर्षे दर तीन ते सहा महिन्यांनी डॉक्टरांकडे आणि वर्षातून एकदा मॅमोग्राफीला जावे लागते. काखेतल्या ग्रंथी काढल्या असतील तर त्या हाताला सूज येऊ शकते. फिजिओथेरपिस्टने शिकवलेले व्यायाम चालू ठेवावेत आणि सूज दिसताच डॉक्टरांना दाखवावे.