गिअर कोण बदलतं? स्पोर्ट्स कारमधला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आणि आपला वर्ग



साधी यंत्रे हा घटक शिकवताना तरफ आणि कप्पी होते न होते तोच मुलं मोटारीवर येऊन पोहोचतात. मोबाईलवर शर्यतीचे खेळ खेळून पोर्शे, फेरारी ही नावं त्यांना पाढ्यांपेक्षा चांगली पाठ असतात! आणि मग एक प्रश्न हमखास येतो, "बाई, ऑटोमॅटिक गाडीत गिअर नसतातच ना?"

बऱ्याच मोठ्या माणसांचाही हाच समज असतो. गिअर असतातच, उलट जास्त असतात. फक्त ते बदलण्याचं काम आपल्या हातापायांकडून काढून यंत्राकडे दिलेलं असतं. आज हाच विषय थोडा खोलात जाऊन पाहूया. कारण यात विज्ञान आहे, गणित आहे आणि आपल्या शिकवण्याशी थेट भिडणारा एक प्रश्नही आहे: जे काम यंत्र आपल्याहून चांगलं करतं, ते मुलांना शिकवायचं की नाही?

१) आधी सायकल घ्या

गिअर समजायला मोटार लागत नाही. गिअरची सायकल पुरे. समजा पुढच्या चक्राला ४४ दाते आहेत आणि मागच्या चक्राला २२. पॅडलचा एक फेरा मारला की मागचं चाक २ फेरे फिरेल. आता साखळी मागच्या ११ दात्यांच्या चक्रावर टाका. तोच एक फेरा, पण चाक ४ फेरे फिरेल. म्हणजे वेग दुप्पट, पण पायाला जोरही दुप्पट लागणार. म्हणून चढावर मागचं मोठं चक्र आणि सपाट रस्त्यावर लहान चक्र.

मोटारीतही हेच. इंजिनाला जोर ठराविक फेऱ्यांमध्येच चांगला येतो. गाडी जागेवरून उचलताना चाकाला जोर हवा असतो, नंतर वेग हवा असतो. ही देवाणघेवाण गिअरबॉक्स करतो. स्पोर्ट्स कारमध्ये तर हे फार महत्त्वाचं. पोर्शे ९११ जीटी३ या गाडीच्या २०१७ सालच्या मॉडेलचं इंजिन मिनिटाला ९००० फेऱ्यांपर्यंत जातं. त्याची खरी ताकद वरच्या फेऱ्यांत आहे. चुकीच्या गिअरमध्ये राहिलं तर ती ताकद असून नसल्यासारखी.

२) यंत्र गिअर कसा बदलतं?

जुनी आणि आजही भरपूर वापरात असलेली पद्धत म्हणजे टॉर्क कन्व्हर्टर. मुलांना असं सांगा: दोन टेबलफॅन समोरासमोर ठेवा. एकच चालू करा. त्याच्या वाऱ्याने दुसऱ्याची पातीही हळूहळू फिरू लागतील. इथे हवेच्या जागी तेल असतं. इंजिन एक पंखा फिरवतं, तेल दुसऱ्याला फिरवतं. त्यामुळे गाडी उभी राहिली तरी इंजिन बंद पडत नाही.

१९५३ साली अमेरिकेत शेव्हरोले कॉर्व्हेट ही स्पोर्ट्स कार आली, ती ऑटोमॅटिकच होती. पण त्या गिअरबॉक्सला पुढे जाण्याचे गिअर होते फक्त दोन! दोन गिअरवर शर्यतीची मजा कशी येणार? ऑटोमॅटिक म्हणजे आळशी माणसाची गाडी, हा समज अशा गाड्यांमुळेच पक्का झाला. पुढे १९५५ मध्ये कॉर्व्हेटला हाताने बदलायचा गिअरबॉक्सही मिळाला.

दुसरी पद्धत आहे दोन क्लचची. एका क्लचकडे १, ३, ५, ७ हे विषम गिअर आणि दुसऱ्याकडे २, ४, ६ हे सम गिअर. (सम-विषम संख्यांचं इतकं चांगलं उदाहरण शोधून सापडणार नाही!) गाडी तिसऱ्यात धावत असतानाच चौथा आतल्या आत जोडून तयार ठेवलेला असतो. वेळ आली की एक क्लच सुटतो, त्याच क्षणी दुसरा पकडतो. मधे खंड जवळजवळ पडतच नाही. खो-खोत खो मिळाला की बसलेला खेळाडू लगेच उठतो, कारण तो आधीच तयारीत असतो. तसंच हे.

पोर्शेने ही पद्धत १९८० च्या दशकात शर्यतीच्या गाड्यांवर वापरून पाहिली. विक्रीच्या गाडीत ती २००३ मध्ये फोक्सवॅगनने आणली आणि पोर्शे ९११ मध्ये २००८ साली आली. मधल्या काळात, १९८९ मध्ये, फेरारीने फॉर्म्युला वनच्या गाडीत स्टिअरिंगमागे दोन पट्ट्या बसवल्या. बोटाने ओढली की गिअर बदलतो, हात स्टिअरिंगवरच. त्या गाडीने ब्राझीलमधली पहिलीच शर्यत जिंकली, चालक होता नायजेल मॅन्सेल.

३) रोजच्या वापरात काय फरक पडतो?

अशी गाडी रोज वापरणाऱ्याला सुख कुठे मिळतं? सिग्नलवर. डाव्या पायाला काम नाही, गुडघा दुखत नाही. चढावर गाडी मागे घसरण्याची धास्ती कमी. नजर रस्त्यावर आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर.

पण काही सवयी नव्याने लावाव्या लागतात. पालकांपैकी ज्यांच्याकडे साधी ऑटोमॅटिक गाडी आहे, त्यांनाही या उपयोगी पडतील.

• गाडी पूर्ण थांबल्याशिवाय डी मधून आर मध्ये टाकायची नाही.
• चढ-उतारावर उभी करताना आधी हँडब्रेक ओढायचा, मग पी. नाहीतर गाडीचं सगळं वजन गिअरबॉक्समधल्या एका छोट्या खिट्टीवर येतं.
• चढावर ॲक्सिलरेटर हलका दाबून गाडी तोलून धरायची नाही, ब्रेक दाबायचा. दोन क्लचच्या गाडीत त्याने क्लच घासून तापतो.
• गर्दीत बोटभर-बोटभर पुढे सरकण्यापेक्षा थोडी जागा मोकळी होऊ द्यायची आणि मग जायचं. कारण तेच.
• उतारावर नुसत्या ब्रेकवर राहायचं नाही. पट्टी ओढून खालचा गिअर घ्यायचा, म्हणजे इंजिनच गाडीला आवर घालतं.
• बॅटरी उतरली तर धक्का मारून गाडी चालू होईल ही आशा सोडायची!

उतारावर पट्टी का ओढायची, हे मुलांना जरूर विचारा. गिअरबॉक्सला वेग कळतो, ॲक्सिलरेटर किती दाबला ते कळतं. पण पुढच्या वळणापलीकडे काय आहे ते चालकाला दिसतं, त्याला नाही. यंत्र झालेल्या गोष्टीवरून ठरवतं, चालक येणाऱ्या गोष्टीवरून. म्हणजे हाताचं काम गेलं तरी डोक्याचं काम शिल्लक राहतंच.

४) जास्त वेगवान, तरीही...

आता आकडे पाहू. याच २०१७ च्या जीटी३ मध्ये दोन्ही पर्याय मिळत होते. ताशी ० ते १०० किलोमीटर वेग गाठायला ऑटोमॅटिकला ३.४ सेकंद, हाताने गिअर बदलायच्या गाडीला ३.९ सेकंद. वजन ऑटोमॅटिकचं १४३० किलो, दुसरीचं १४१३ किलो. म्हणजे १७ किलो जास्त वजन घेऊनही यंत्र अर्धा सेकंद पुढे. कसलेल्या चालकाचा हातसुद्धा तिथे पोहोचत नाही.

मग प्रश्न संपला का? नाही. २०१३ मध्ये पोर्शेने जीटी३ फक्त ऑटोमॅटिकमध्ये आणली होती. ती वेगवान होती, पण जुन्या चाहत्यांना चुकल्याचुकल्यासारखं वाटत होतं. २०१६ मध्ये कंपनीने ९११ आर ही फक्त हाताने गिअर बदलायची गाडी काढली, मोजून ९९१. आणि २०१७ मध्ये जीटी३ मध्येही तो गिअरबॉक्स परत आला. लोकांनी अर्धा सेकंद हसत हसत सोडला, कारण गिअर स्वतः नेमका पडल्याचं समाधान त्यांना हवं होतं.

माझ्या मते दोन्ही बाजू खऱ्या आहेत. रोज दोन तास गर्दीत अडकणाऱ्याने ऑटोमॅटिक घेतली तर त्यात कमीपणा काहीच नाही. आणि स्वतः गिअर टाकण्यात ज्याला आनंद वाटतो, तोही वेडा नाही. फक्त कोणी निवडलं, हे महत्त्वाचं. ज्याला दोन्ही येतं त्यानेच निवड केली असं म्हणता येईल. ज्याला एकच येतं, त्याच्यापुढे निवड कुठे होती?

५) जर्मनीने काढलेली वाट

शिक्षक म्हणून मला सगळ्यात जास्त आवडलेली गोष्ट ही. जर्मनीत पूर्वी ऑटोमॅटिक गाडीवर परीक्षा दिली तर परवाना फक्त ऑटोमॅटिकपुरता मिळत असे. १ एप्रिल २०२१ पासून नियम बदलला. आता परीक्षा ऑटोमॅटिकवर द्या, पण ड्रायव्हिंग स्कूलमध्ये हाताने गिअर बदलायच्या गाडीवर ४५ मिनिटांचे किमान १० पाठ घ्या आणि तिथेच किमान १५ मिनिटांची चाचणी द्या. मग दोन्ही प्रकारच्या गाड्या चालवता येतात.

बघा, परीक्षेचा ताण कमी केला, पण शिकणं वगळलं नाही! कॅल्क्युलेटर आणि मोबाईलच्या बाबतीत आपण नेमकं उलटं करतो. एकतर पूर्ण बंदी, नाहीतर पूर्ण मोकळीक. त्याऐवजी आधी दहा तास हाताने, मग यंत्राने, असा क्रम पाढ्यांना, भागाकाराला, शब्दकोश पाहण्याला लावून बघायला काय हरकत आहे? पालकांनीही घरी हाच क्रम ठेवावा. किराणाची बेरीज आधी मुलाने तोंडी करायची, मग मोबाईलवर पडताळायची.

वर्गात करून पाहा

१. सायकल उलटी उभी करा. मागच्या चाकाला खडूची खूण करा. पॅडलचा एक फेरा हळूहळू फिरवा आणि चाकाचे फेरे मोजा. दोन्ही चक्रांचे दाते मोजून भागाकार करा. उत्तर जुळतं का? (चाक सुटं फिरू देऊ नका आणि साखळीत बोट घालू नका, ही सूचना आधी द्या.)

२. गाडी ताशी १०० किलोमीटर वेगाने जात असेल तर अर्ध्या सेकंदात किती मीटर जाईल? (उत्तर: सुमारे १४ मीटर.) मैदानावर तेवढं अंतर पावलांनी मोजा. अर्धा सेकंद म्हणजे किती, ते मुलांना तिथे कळेल.

३. लिहायला विषय द्या: 'यंत्राला येतं, तरी मला यायला हवं असं एक काम.' शुद्धलेखनाचे गुण कापू नका. मुलं काय निवडतात ते वाचा. कोणतं काम यंत्राकडे द्यायचं याचा विचार ती आपल्याआधी करू लागली आहेत, हे लक्षात येईल.