गलगंड : शस्त्रक्रिया आणि प्रतिबंध

मानेच्या पुढील भागात, स्वरयंत्राच्या किंचित खाली, फुलपाखराच्या आकाराची एक लहान ग्रंथी असते. तिला अवटू ग्रंथी म्हणतात. शरीराची वाढ, मेंदूचा विकास व चयापचय यांचे नियमन करणारी संप्रेरके ती तयार करते. या कामी तिला आयोडीन लागते. प्रौढ व्यक्तीची त्याची रोजची गरज अवघी १५० मायक्रोग्रॅम असते. एवढेही आयोडीन मिळेनासे झाले की ग्रंथी अधिक काम करू लागते व फुगते. हाच गलगंड होय.

डोंगराळ प्रदेशात पावसाने जमिनीच्या वरच्या थरातील आयोडीन वाहून जाते. साहजिकच तेथील पाण्यात व धान्यात त्याची उणीव राहते. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आलेल्या नंदुरबार जिल्ह्यात अक्राणी व अक्कलकुवा हे तालुके सातपुड्याच्या रांगांत वसलेले आहेत. शेजारच्या गुजरातमधील भडोच जिल्ह्यात गलगंडाचा प्रादुर्भाव नोंदला गेला आहे. म्हणूनच या प्रश्नाकडे आपल्या जिल्ह्यानेही जागरूकतेने पाहावयास हवे.

शस्त्रक्रियेचा धडा

गलगंडाची शस्त्रक्रिया एके काळी अत्यंत धोक्याची मानली जाई. स्वित्झर्लंडमधील बर्न येथील शल्यविशारद थिओडोर कोखर यांनी निर्जंतुकता व रक्तस्राव-नियंत्रण यांच्या बळावर ती सुरक्षित केली. तथापि आपल्या जुन्या रुग्णांची फेरतपासणी केली असता त्यांना निराळेच दृश्य दिसले. ज्यांची ग्रंथी संपूर्ण काढली होती, त्यांपैकी बहुतेकांना मांद्य व सूज आली होती. मुलांची वाढ खुंटली होती. ही गोष्ट त्यांनी १८८३ मध्ये प्रांजळपणे जाहीर केली व साध्या गलगंडात संपूर्ण ग्रंथी काढणे सोडून दिले. १९०९ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

आज संपूर्ण ग्रंथी काढावी लागल्यास संप्रेरकाची गोळी आयुष्यभर घ्यावी लागते. ग्रंथीलगत आवाजाची नस व कॅल्शियमचे नियमन करणाऱ्या चार लहान ग्रंथी असतात. त्यांना इजा होऊ नये यातच शल्यविशारदाचे कौशल्य असते.

कांगडा खोऱ्यातील प्रयोग

गलगंड मुळात टाळता येईल काय? या प्रश्नाचे उत्तर भारतातच मिळाले. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ मध्ये हिमाचलच्या कांगडा खोऱ्याचे तीन विभाग केले. दोन विभागांना आयोडीनयुक्त मीठ व तिसऱ्यास साधे मीठ देण्यात आले. १९६२ पर्यंत पहिल्या दोन विभागांतील शाळकरी मुलांमधील गलगंडाचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने घटले. तिसऱ्यात मात्र ते उतरले नाही. त्याच वर्षी राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. गलगंड हे उणिवेचे केवळ दिसणारे लक्षण आहे. गर्भवतीला आयोडीन कमी पडल्यास बालकाच्या बुद्धीवर कायमचा परिणाम होतो. हे ध्यानी घेऊन १९९२ मध्ये कार्यक्रमाच्या नावात आयोडीन-न्यूनतेचे सर्व विकार समाविष्ट करण्यात आले.

गावपातळीवरील कर्तव्य

घरी पोहोचणाऱ्या मिठात दर दहा लाख भागांत किमान १५ भाग आयोडीन असावयास हवे. साध्या चाचणी-संचातील द्रावणाचा थेंब टाकताच असे मीठ निळसर-जांभळे होते. शाळेत मुलांनी आपापल्या घरचे चमचाभर मीठ आणल्यास ही तपासणी एका तासात पार पडू शकते. आठवडी बाजारातील सुट्या खडे मिठाकडे पंचायत सदस्यांनी विशेष लक्ष द्यावे. मीठ झाकणाच्या बरणीत, ओल व ऊन यांपासून दूर ठेवावे आणि शक्य तो पदार्थ शिजल्यावर घालावे.

मात्र मानेवरील प्रत्येक गाठ मिठाने बरी होत नाही, हेही लोकांना सांगितले पाहिजे. गाठ टणक असेल, झपाट्याने वाढत असेल, आवाज बसला असेल किंवा गिळण्यास वा श्वासास अडथळा होत असेल, तर रुग्णास विनाविलंब रुग्णालयात न्यावे. गंडेदोरे व डाग देणे यांत गेलेले महिने पुढे भरून निघत नाहीत.

शस्त्रक्रिया एका रुग्णाची गाठ काढते; योग्य मीठ पुढच्या पिढीची बुद्धी राखते. पहिले काम शल्यविशारदाचे आहे. दुसरे शिक्षक, ग्रामसेवक व पंचायत सदस्य यांच्या हाती आहे.